बख्स : दुसऱ्याच्या हक्काचे मोल उणे करण्याचे पाप



काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मशिदीत माझ्याजवळ येऊन बसला. आमच्या वाशिम जिल्ह्यातील एका गावात तो शिवणकाम करतो. मजुरी नगावर, म्हणजे जितके कपडे शिवून होतील तितके पैसे. तो म्हणाला, "मौलाना, एक मसला विचारायचा आहे. रमजानच्या शेवटी एका गिऱ्हाइकाने शिलाईत शंभर रुपये कमी करून घेतले. मास्टरांनी ते शंभर माझ्या हिशेबातून कापले. म्हणाले, गिऱ्हाईक मानाचे आहे, नाही म्हणता आले नाही. आता मी ते माफ करायला हवेत का? आणि मागितले तर गुनाह होईल का?"

मी त्याला तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. कारण ते गिऱ्हाईक मी होतो. त्याला हे ठाऊक नव्हते. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तो माझ्या कुर्त्याला काज करीत होता, तेव्हा पुढे उभा राहून मी हसत हसत मास्टरांना म्हणालो होतो, "इमामाकडून पूर्ण पैसे घ्याल काय?" मास्टर संकोचले आणि शंभर रुपये कमी झाले. त्याच आठवड्यात जुम्याच्या बयानात मी माप-तोलातील सचोटीवर बोललो होतो.

त्या मुलाचे उत्तर माझ्यावर देणे होते. ते शोधण्यासाठी मी पुन्हा ग्रंथ उघडले आणि जगातल्या मोठमोठ्या वस्त्र-पादत्राण कंपन्यांविषयी गेल्या दोन वर्षांत ज्या बातम्या आल्या, त्याही वाचल्या. लक्षात आले की आमच्या गावच्या मागच्या खोलीतला प्रश्न आणि इटलीतल्या न्यायालयापुढे गेलेला प्रश्न मुळात एकच आहे. त्या प्रश्नाला पवित्र कुरआनने एक नाव दिले आहे : बख्स.

मदयनचे दोन धडे

हजरत शुऐब (अलै.) यांना मदयनच्या लोकांकडे पाठविण्यात आले. हे लोक व्यापारी होते. अल्लाहच्या एकत्वाच्या आवाहनानंतर लगेच पैगंबरांनी त्यांना व्यवहाराविषयी बजावले : माप आणि वजन पूर्ण द्या, आणि लोकांच्या वस्तूंत 'बख्स' करू नका. ही ताकीद सूरह अल-आराफ (७:८५), सूरह हूद (११:८५) आणि सूरह अश-शुअरा (२६:१८३) अशा तीन ठिकाणी आली आहे.

बख्स म्हणजे उणे करणे, एखाद्याच्या वस्तूचे जे खरे मोल आहे त्याहून ती कमी ठरविणे. माप-तोलाची आज्ञा आधी देऊन झाल्यावर ही दुसरी आज्ञा वेगळी आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तराजूची काटछाट डोळ्यांना दिसते. बख्स पुष्कळदा दिसत नाही. विक्रेत्याच्या चांगल्या मालाला मुद्दाम नावे ठेवून भाव पाडणे हा बख्स आहे. गरजवंताची निकड ओळखून त्याला निम्म्या दामात राबविणे हा बख्स आहे. एकाने केलेले काम दुसऱ्याच्या नावावर खपविणे हाही बख्सच होय.

हाच शब्द सूरह यूसुफमध्ये पुन्हा येतो. हजरत यूसुफ (अलै.) यांना मोजक्या दिरहमांत विकण्यात आले, तेव्हा त्या किमतीला कुरआनने 'बख्स' म्हटले (१२:२०). वस्तूचे मोल उणे करणारा हात माणसाचे मोल उणे करण्यापर्यंत कसा पोहोचतो, हे या एका शब्दावरून समजते.

दुसरा धडाही मदयनचाच. हजरत मूसा (अलै.) इजिप्तमधून जीव वाचवून तेथे पोहोचले. एका वृद्ध सत्पुरुषाच्या कन्येने पित्याला सुचविले की यांना कामावर ठेवावे, कारण उत्तम कामकरी तोच जो समर्थ आहे आणि विश्वासू आहे. त्यावर त्या वृद्धाने जो करार केला तो सूरह अल-कसस (२८:२७) मध्ये आला आहे. मुदत स्पष्ट : आठ वर्षे. दहा पूर्ण केली तर ती कामकऱ्याची मर्जी. आणि वर आश्वासन, की मला तुम्हांला कष्टात घालायचे नाही. परका, निर्वासित, उपाशी तरुण समोर उभा होता. त्याच्याकडून कोणतीही अट मान्य करून घेता आली असती. तरीही अटी आधी सांगितल्या गेल्या, आणि त्या त्याच्या बळाबाहेर नेल्या नाहीत. काम देणाऱ्याने काम मागणाऱ्याशी कसे वागावे, याचा हा नमुना आहे.

मिलानमध्ये चाललेली चप्पल

आता आजच्या जगाकडे पाहू. २२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान शहरात प्राडा या विख्यात कंपनीने पुरुषांच्या नव्या पेहरावांचे प्रदर्शन भरविले. त्यातील काही तरुणांच्या पायांत जी पादत्राणे होती ती पाहून महाराष्ट्रातल्या कोणालाही ओळख पटावी. अंगठ्याची ती वादी, तो पट्टा, तो सपाट तळ : ती कोल्हापुरी चप्पल होती. कंपनीने मात्र त्यांचे वर्णन केवळ 'चामड्याच्या सँडल' असे केले. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचा उल्लेख नाही.

कोल्हापुरी चप्पल ही अनामिक वस्तू नव्हे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, हाताने कापलेले तळ, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण, आणि कापशी, पुकरी, बक्कलनाली असे तिचे प्रकार. कातडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत ती अनेक हातांतून जाते आणि त्या हातांत घरच्या स्त्रियांचेही हात असतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे तिचे घर मानले गेले. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या चर्मकार बांधवांना समाजाने किती मान दिला, हा तर आपल्या सर्वांनाच खाली मान घालायला लावणारा प्रश्न आहे.

टीका झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले आणि या रचनेमागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकच्या अशाच महामंडळाशी करार केला. दोन्ही राज्यांतील कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेण्याचे आणि प्रत्येक जोड सुमारे आठशे युरोंना, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या आसपास, विकण्याचे जाहीर झाले. कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही त्यात समावेश आहे.

या प्रसंगात शिकण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही की नाव हाही हक्क आहे. ज्याने वस्तू घडवली त्याचे नाव पुसणे हा त्याच्या वस्तूचा बख्स होय, मग पैसा एक रुपयाही बुडालेला नसो. दुसरी ही की चूक ध्यानात आल्यावर ती मान्य करून भरपाईच्या वाटेला लागणे हे न्यायाचे पहिले पाऊल आहे, आणि ते ज्याने उचलले त्याला तेवढे श्रेय दिले पाहिजे. दुसऱ्यावर टीका करतानाही बख्स होऊ शकतो, हे आपण विसरू नये.

पण खरी परीक्षा याच्यापुढे आहे : ऐंशी हजारांतून कारागिराच्या घरी किती पोहोचते? हा प्रश्न कोणा एका कंपनीचा नाही. साखळी जितकी लांब, तितका शेवटचा माणूस नजरेआड जातो.

त्रेपन्न युरो

नजरेआड गेलेल्या माणसाचे काय होते, हे मिलानच्याच न्यायालयापुढे दिसून आले. जून २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने दिओर या कंपनीच्या बॅगा तयार करणाऱ्या इटलीतील उपकंपनीवर न्यायालयीन प्रशासक नेमला. तपासात जी कागदपत्रे समोर आली त्यांनुसार, दुकानात दोन हजार सहाशे युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जोडणीसाठी पुरवठादाराला त्रेपन्न युरो मिळत होते; चामड्याचा खर्च त्यात धरलेला नव्हता. काम पुढच्या कंत्राटदारांकडे जात होते. तेथे स्थलांतरित मजूर कारखान्यातच झोपत होते, आणि कामाचा वेग वाढावा म्हणून यंत्रांवरील सुरक्षेची साधने काढून टाकण्यात आली होती. मूळ कंपनीवर फौजदारी आरोप नव्हता. न्यायालयाचे म्हणणे असे, की आपल्यासाठी राबणाऱ्या कारखान्यांवर तिने लक्ष ठेवले नाही. कंपनीने सुधारणा केल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रशासक हटविण्यात आला.

आपल्याकडचे चित्र निराळे नाही. परदेशातील उंची पेहरावांवर जे जरदोजी आणि आरीचे भरतकाम असते, त्याचा मोठा भाग मुंबईत होतो. ते करणाऱ्यांत उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले आपले मुस्लिम बांधव पुष्कळ आहेत. या कामाचे मोल जग जाणते. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपले प्रदर्शन भरविले, ते याच कलेच्या गौरवासाठी. कारखान्यांची स्थिती सुधारावी म्हणून २०१६ मध्ये काही मोठ्या कंपन्या आणि मुंबईचे निर्यातदार 'उत्थान' नावाच्या समझोत्याने एकत्रही आले होते. तरीही मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जे वृत्त दिले त्यात दिसले की पोट-कंत्राटाच्या लहान कारखान्यांत कारागिरांना नोकरीचे कोणतेही संरक्षण नाही, प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की कामाचे तास वाढत जातात, आणि जेथे कारचोबावर वाकून बसायचे तेथेच रात्री अंग टाकायचे.

"आम्ही थेट कामावर ठेवले नव्हते" हे उत्तर दुनियेत चालून जाईलही. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आम्हांला शिकविले आहे की तुम्हांपैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीतील माणसांविषयी विचारले जाईल (बुखारी, मुस्लिम). आणि एका हदीसमध्ये अल्लाहने तीन माणसांविषयी जाहीर केले आहे की अंतिम न्यायदिनी मी स्वतः त्यांच्या विरोधात उभा राहीन. त्यांतला तिसरा तो, ज्याने मजूर लावला, त्याच्याकडून काम पुरेपूर करून घेतले आणि मजुरी दिली नाही (बुखारी). ज्या खटल्यात फिर्यादी स्वतः न्यायाधीश आहे, तेथे कोणता वकील उपयोगी पडेल?

मालाची प्रत हीही अमानत

येथवर कारागिराच्या हक्काविषयी बोललो. पण इस्लामचा तराजू एका पारड्याचा नाही. कारागिरावरही गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

हजरत दाऊद (अलै.) राज्यकर्ते होते आणि आपल्या हातच्या कमाईवर जगत होते, हाताच्या कमाईहून उत्तम अन्न कोणी खाल्लेले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्यांचा दाखला देऊन सांगितले (बुखारी). अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखते घडविण्याची आज्ञा दिली, तेव्हा सोबत ही ताकीदही दिली की कड्या मापात जोडा (३४:१०-११). पैगंबराच्या कामालाही प्रतीची अट होती. कड्या सैल झाल्या तर ज्याने विश्वासाने चिलखत घातले त्याचा जीव जाईल.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांच्या 'इह्या'मध्ये कमाईच्या नीतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात एक संवाद येतो : चपलांच्या व्यवसायात मी पापापासून कसा वाचू, असे एका मोचीने विचारले. उत्तराचा आशय असा : दोन्ही बाजू सारख्या ठेव, उजव्या पायाची चप्पल डाव्याहून सरस करू नकोस, आतले भरण चांगले आणि एकसंध घाल, टाके जवळजवळ घे. शेकडो वर्षांपूर्वीचे हे उत्तर उजवी-डावी सारखी का ठेवायला सांगते? कारण गिऱ्हाईक पुष्कळदा एकच चप्पल हातात घेऊन पाहते. जी पाहिली जात नाही, तिच्यातच मोच्याचा ईमान दिसतो.

त्याच प्रकरणात रफूचा मसला आहे. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांना विचारले गेले की रफू असा केला की दिसेनासा झाला, तर? ते म्हणाले, विकणाऱ्याने तो लपविणे योग्य नाही. म्हणजे कौशल्य हलाल, पण कौशल्याच्या आड दोष दडविणे हराम.

आपले इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कुफा येथे कापडाचे व्यापारी होते. एकदा त्यांनी भागीदाराकडे माल पाठवताना सांगितले की अमुक कपड्यात दोष आहे, विकताना तो दाखव. भागीदार विसरला आणि कोणी नेला तेही आठवेना. तेव्हा इमामांनी त्या सबंध मालाची रक्कम सदका करून टाकली. आज आमच्या बाजारात कृत्रिम चामड्याची, कारखान्यात ठोकलेली चप्पल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून खपते, आणि नामांकित कंपनीचा शिक्का मारलेले 'फर्स्ट कॉपी' बूट उघड विकले जातात. विकणाऱ्यांत आपलेही तरुण आहेत. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतला ओलावा लागला तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले होते की हे वर का ठेवले नाहीस, आणि फसविणाऱ्याशी आपले नाते नाकारले होते (मुस्लिम). कापसावर पाणी शिंपडणारा आणि ओले सोयाबीन पोत्याच्या तळाशी घालणारा या हदीसचा अर्थ समजून घेण्यासाठी कोणाकडेही जाण्याची गरज नाही.

सुंदर कपडा घालणे पाप आहे काय?

काही जण म्हणतील, उंची वस्तूच नकोत म्हणजे प्रश्नच मिटला. दीन इतका सोपा निवाडा देत नाही. एका सहाबींनी विचारले की माणसाला आपले कपडे चांगले असावेत, आपली चप्पल चांगली असावी असे वाटते. हा अहंकार आहे काय? प्रेषितांनी (स.) सांगितले की अल्लाह सुंदर आहे व त्याला सौंदर्य प्रिय आहे, अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे (मुस्लिम). किमतींवर मर्यादा घालण्याची विनंती झाली तेव्हाही त्यांनी भाव ठरवून देण्यास नकार दिला, कारण कोणाच्याही मालाबाबत जुलमाचा दावा घेऊन त्यांना अल्लाहला भेटायचे नव्हते (अबू दाऊद, तिर्मिजी).

म्हणून महाग विकणे स्वतः पाप नाही आणि चांगली वस्तू वापरणेही पाप नाही. लोकांत मिरविण्यासाठी वस्त्र नेसणाऱ्याबाबत मात्र कठोर इशारा आहे (अबू दाऊद, इब्ने माजा). आणि ज्या वस्तूत दुसऱ्याचा घाम फुकट गेला, तिचे सौंदर्य वरवरचे आहे. हेही आठवावे की ज्यांच्यावर आपण प्राण ओवाळतो ते प्रेषित (स.) आपली चप्पल स्वतः शिवत असत, असे उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) सांगतात (मुस्नद अहमद). ज्या कामाला त्या हातांचा स्पर्श झाला, ते काम करणाऱ्याला आपण हलका कसा मानू?

आपल्या घरचा हिशेब

आपला जिल्हा कापसाचा. कारंजा परिसरातला कापूस वाहून नेण्यासाठीच विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, जिला लोक 'शकुंतला' म्हणत. येथला कापूस कोठे सूत होतो, कोठे कापड, कोठे पेहराव, हे शेतकऱ्याला कळत नाही, आणि पेहराव घालणाऱ्याला शेतकरी ठाऊक नसतो. ती सबंध साखळी आपल्या हातात नाही. तिची एक कडी मात्र आहे : आपला शिंपी, आपला मोची, आपल्या दुकानातला पोरगा. त्या कडीसाठी फिकहने जे नियम सांगितले आहेत ते थोडक्यात असे :

१. मजुरी आधी ठरवावी. मजुराला त्याची मजुरी सांगितल्याशिवाय कामाला लावण्यास मनाई आहे (मुस्नद अहमद). "आधी शिव, मग पाहू" असा मोघम करार हनफी मतानुसार फासिद आहे, आणि तसे काम करून घेतले तर प्रचलित दराने मजुरी द्यावीच लागते.

२. मजुरी वेळेवर द्यावी. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची आज्ञा (इब्ने माजा) आपण सर्वांनी ऐकलेली आहे. हनफी फुकहांनी तर म्हटले आहे की ज्या कारागिराच्या कामाचा ठसा वस्तूवर उमटतो, उदाहरणार्थ रंगारी, तो मजुरी मिळेपर्यंत वस्तू स्वतःजवळ ठेवू शकतो. तयार कपडा घेऊन "ईदनंतर देतो" म्हणणाऱ्यांनी विचार करावा.

३. बळाबाहेर काम लादू नये, आणि लादलेच तर स्वतः हात लावावा (बुखारी). विसाव्या रोज्याला कापड टाकून चाँदरातीचा आग्रह धरणारे गिऱ्हाईक कोणाची तरी तरावीह आणि झोप विकत घेत असते. कापड शाबानमध्ये द्यावे.

४. सूट द्यायची तर ती स्वतःच्या नफ्यातून द्यावी. मालकाने आपली उदारता कारागिराच्या खिशातून करू नये.

५. मागविलेली वस्तू ठरल्याबरहुकूम द्यावी. वस्तू घडवून घेण्याचा करार, ज्याला इस्तिस्ना म्हणतात, समजावताना आपल्या फिकहच्या ग्रंथांत चामड्याच्या मोज्यांचे उदाहरण येते. माप, चामडे, प्रकार हे सर्व ठरवून घ्यावे आणि घडविणाऱ्याने त्यात बदल करू नये.

६. चांगल्या कामाला चांगले म्हणावे. भाव पाडण्यासाठी चांगल्या शिवणीला नावे ठेवणे हा तोंडाने केलेला बख्स आहे.

त्या मुलाचे उत्तर

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले. म्हणालो, "बेटा, तुझी ठरलेली मजुरी हे मास्टरांवरचे कर्ज आहे. ते मागणे गुनाह नाही, तुझा हक्क आहे. माफ केलेस तर सवाब मिळेल. पण तुझ्यावर कोणी तशी सक्ती करू शकत नाही. आणि ते गिऱ्हाईक मी होतो."

तो गोंधळला. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मौलाना, मला माहीत असते तर मी विचारलेच नसते." मला सर्वांत जास्त बोचले ते हेच वाक्य. मी इमाम आहे म्हणून मास्टरांना नाही म्हणता आले नाही, आणि मी इमाम आहे हे कळले असते तर या मुलाने आपला हक्क विचारलाही नसता. मानाचे ओझे दोन माणसांवर पडले होते आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती. मिलानच्या त्या कंपनीलाही कदाचित हेच म्हणायचे असेल, की आम्हांला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेणे हेही कर्तव्य होते.

आम्ही दोघे मिळून मास्टरांकडे गेलो. राहिलेले शंभर रुपये मी दिले आणि मास्टरांनी ते माझ्यासमोर त्याच्या हिशेबात भरले. मास्टर म्हणाले, "मौलाना, एवढ्याशा रकमेसाठी तुम्ही कशाला आलात?" रक्कम लहान होती, हे खरे. पण ज्याने आपल्या भावाचे काही देणे ठेवले असेल त्याने आजच ते फेडून मोकळे व्हावे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे, कारण पुढे असा दिवस आहे की जेथे दीनारही चालणार नाही आणि दिरहमही नाही, तेथे नेक्या देऊन हिशेब चुकवावा लागेल (बुखारी). माझ्याजवळ नेक्या इतक्या नाहीत की शंभर रुपयांपायी त्या वाटत फिरावे.

वाचकांनो, या ईदला आपल्या घरी जे कपडे येतील, त्यांचे माप घेणाऱ्याचे तोंड आपण पाहतो. काज करणारा मागच्या खोलीत असतो. एकदा त्या खोलीत डोकावून विचारावे, की तुझे पैसे मिळाले काय?

अल्लाह आपल्या कमाईत आणि आपल्या वस्त्रांत बरकत देवो, कोणाच्याही हक्काचा डाग त्यांवर राहू न देवो, आणि ज्यांच्या हातांनी आपण झाकले जातो त्यांचे मोल ओळखण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.